जलमनोरा

जलमनोरा : नळाने पाणी पुरविण्याच्या व्यवस्थेत वितरण-नलिकांमध्ये आवश्यक तो दाब टिकून राहावा आणि पाण्याच्या मागणीतील चढउतार भागविता यावेत, यासाठी जमिनीपासून पुरेशा उंचीवर स्तंभांच्या वा पोकळ दंडगोलाच्या आधारावर उभारलेली टाकी. बोलभाषेत तिला ‘पाण्याची टाकी’ म्हणतात. नगरपालिकांच्या व्यवहारात ‘जलकुंभ’ किंवा ‘उंच टाकी’ हे शब्द रूढ असून जमिनीलगतच्या टाकीस ‘बैठी टाकी’ म्हणतात. गावात शिरताना दुरून दिसणारी ही वास्तू बहुधा गावातील सर्वांत उंच असते. तिच्या उंचीचा उपयोग मात्र सर्व काळी एकाच हेतूने झालेला नाही. सर्वांत जुने मनोरे पाण्याचा वाढलेला दाब मोडण्यासाठी बांधण्यात आले. औद्योगिक काळातील मनोरे दाब निर्माण करून तो साठवून ठेवण्यासाठी उभारण्यात आले. आणि भारतातील पुष्कळ गावांत आज मनोऱ्यांचा उपयोग मुख्यत्वे पाणी ठराविक वेळी वाटून देण्यासाठी होतो. या तीन अवस्थांवरून त्या त्या काळातील नळ, पंप व नागरी जीवन यांचीही कल्पना येते.

कार्य : स्थिर पाण्याचा दाब त्याच्या राशीवर अवलंबून नसून पृष्ठभागापासून खाली मोजलेल्या उंचीवर अवलंबून असतो. पाण्याच्या १० मी. उंच स्तंभामुळे तळाशी दर चौ. सेंमी. ला सु. १ किग्रॅ. इतका दाब पडतो. या उंचीस दाबोच्चता म्हणतात. २० मी. उंचीवरील टाकी लहान असो वा मोठी, तिच्या पायथ्याशी दाब तितकाच राहतो. पाणी वाहू लागले म्हणजे नळांतील घर्षणामुळे त्यांपैकी काही दाब खर्ची पडतो. म्हणून टाकीपासून सर्वांत दूरच्या किंवा सर्वांत उंच जागी असलेल्या घरापर्यंत पाणी पोहोचल्यावर किती दाब शिल्लक राहील, याचा हिशेब करून मनोऱ्याची उंची ठरवितात. भारतात दीर्घकाळ रूढ असलेल्या नियमांनुसार हा शिल्लक दाब एकमजली घरांसाठी ७ मी., दुमजली घरांसाठी १२ मी. आणि तिमजली घरांसाठी १७ मी. असावा लागे. टाकीतील पातळी खाली गेली, तरी दाबात फार फरक पडू नये म्हणून टाकी खोल करण्याऐवजी रुंद करणे श्रेयस्कर ठरते.

मनोऱ्याचे दुसरे कार्य समतोलाचे आहे. नदीवरचा पंप आणि जलशुद्धीकरण केंद्र ही सारख्या गतीने चालविणे सोयीचे व काटकसरीचे असते. लोकांची पाण्याची गरज मात्र सकाळी एकदम वाढते, दुपारी ओसरते, संध्याकाळी पुन्हा वाढते आणि मध्यरात्री जवळजवळ नाहीशी होते. उदा., ४०,००० लोकवस्तीच्या गावात दरडोई दररोज १३५ लि. याप्रमाणे ५४ लक्ष लि. पाणी लागते, म्हणजे ताशी सरासरी २.२५ लक्ष लि. सकाळच्या गर्दीच्या वेळी ही मागणी सरासरीच्या तिप्पट होते असे धरल्यास ती ताशी ६.७५ लक्ष लि. होईल. मनोरा नसेल, तर पंप, शुद्धीकरणाची साधने आणि नदीपासूनची मोठी नलिका ही सर्व या तिप्पट मागणीला पुरतील अशी बांधावी लागतील व दिवसातील बहुतेक वेळ ती अर्धीअधिक निकामी राहतील. मनोरा असेल, तर सरासरीइतके काम करणारा पंप पुरेसा होतो. गर्दीचे दोन तास धरल्यास १३.५ लक्ष लि. मागणीपैकी ४.५ लक्ष लि. पंप पुरवितो आणि उरलेले ९ लक्ष लि., म्हणजे दिवसाच्या मागणीचा सहावा हिस्सा, रात्री भरून ठेवलेल्या टाकीतून येतो. पंप दिवसातून थोडेच तास चालत असेल, तर याहून मोठी टाकी लागते.

आग विझविण्यासाठी राखीव पाणी ठेवणे, वीज गेल्यास काही काळ पुरवठा चालू ठेवणे आणि पंप अचानक थांबल्यामुळे नळात बसणारा जलाघात सौम्य करणे, ही मनोऱ्याची आणखी काही कार्ये होत. मात्र त्यात साठविलेली ऊर्जा अल्पच असते. २० मी. उंचीवरील १० लक्ष लि. पाण्यात सु. ५४ किलोवॉट-तास इतकीच ऊर्जा असते. असे असूनही ती कोणत्याही यंत्राविना, झडप उघडताच मिळते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

दाब मोडणारे मनोरे : पंपांचा प्रसार होण्यापूर्वी नगरांना पाणी उंचावरील झऱ्यांतून किंवा तलावांतून उताराने आणीत. अशा व्यवस्थेत दाब कमी पडण्यापेक्षा तो अतोनात वाढण्याचीच भीती असे. इटलीतील पाँपेई हे नगर उतारावर वसलेले होते. त्याच्या वरच्या वेशीपासून खालच्या वेशीपर्यंत ३० मी. हून अधिक उतार होता. वरच्या वेशीजवळच्या वितरण-हौदातून निघालेले शिशाचे नळ थेट खालपर्यंत नेले असते, तर सखल भागात ते फुटले असते. म्हणून चौकाचौकांत सु. ६ मी. उंचीचे दगडविटांचे स्तंभ उभारून त्यांच्या माथ्यावर शिशाच्या उघड्या टाक्या बसविण्यात आल्या होत्या. नळातील पाणी स्तंभावर चढून टाकीत मोकळे होई व तेथून पुढच्या भागासाठी पुन्हा खाली उतरे. त्यामुळे पुढील नळांवरील दाब त्या टाकीच्या उंचीपुरताच मर्यादित राही. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात हे नगर गाडले गेले. उत्खननानंतर यांतील अनेक स्तंभ उजेडात आले.

हेच तत्त्व ऑटोमन काळातील इस्तंबूलमध्ये आढळते. तेथील मनोऱ्यांना तुर्की भाषेत ‘सु तेराझी’, म्हणजे ‘पाण्याचा तराजू’, असे नाव आहे. मराठीतील ‘तराजू’ हा शब्दही त्याच फार्सी मुळातील आहे. मनोऱ्यात एका बाजूने चढलेले पाणी माथ्यावर स्थिर होऊन दुसऱ्या बाजूने उतरते, या क्रियेचे हे नाव यथार्थ वर्णन करते.

दख्खनमध्ये या पद्धतीचा ठळक अवशेष विजापूर (विजयपुरा) येथे आहे. आदिलशाहीच्या काळात नगराच्या पश्चिमेकडील तोरवी परिसरातून आणि मुहंमद आदिलशाहाच्या कारकीर्दीत १६५१ मध्ये बांधलेल्या बेगम तलावातून पाणी बंद नळांनी शहरात आणण्यात आले. या मार्गावर उभारलेले चौकोनी मनोरे ‘गंज’ या नावाने ओळखले जातात. त्यांची उंची सु. ८ ते १२ मी. आहे. चुन्याच्या बांधकामात बसविलेले भाजलेल्या मातीचे नळ मोठा दाब सोसू शकत नसत. तो या मनोऱ्यांत मोडला जाई, नळात कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळही तळाशी बसे. वाड्यांना, मशिदींना व बागांना जाणाऱ्या शाखा येथूनच फुटत.

मलिक अंबरने वसविलेल्या खडकी, म्हणजेच पुढील औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), येथील नहरी याच परंपरेतील होत. सतराव्या शतकात प्रारंभ झालेल्या या भूमिगत नहरींनी डोंगरपायथ्याचे पाणी नगरात खेळविले. पाणचक्की येथे दूरच्या झऱ्याचे पाणी बंद नळातून येऊन एका उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत आपोआप चढते व तेथून हौदात कोसळते. त्या प्रवाहावर पिठाची चक्की फिरत असे. पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत चढू शकते, हे तत्त्व येथे पाहणाऱ्यास प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतील पाणी दगडी बांधणीच्या भूमिगत नळातून शहरात आणण्यात आले. या मार्गावरील, जमिनीच्या वर डोकावणाऱ्या बांधकामांना ‘उच्छ्वास’ म्हणत. कोंडलेली हवा बाहेर सोडणे व देखभालीसाठी नळात उतरता येणे हा त्यांचा हेतू होता. या पाण्यावर काळा हौद, बदामी हौद यांसारखे सार्वजनिक हौद भरत. या व्यवस्थेत पाणी चौकातील हौदापर्यंत येई. तेथून ते घरी नेण्याचे काम माणसांना, आणि बहुतांशी स्त्रियांना, करावे लागे. घराघरात व वरच्या मजल्यावर पाणी पोहोचविण्यास लागणारा दाब या व्यवस्थेत अभिप्रेतच नव्हता.

दाब निर्माण करणारे मनोरे : नदी खाली आणि वस्ती वर, अशी स्थिती असेल तेथे पाणी प्रथम उंच चढविणे भाग पडते. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे पाणचक्रांनी चालणाऱ्या पंपांच्या साहाय्याने पाणी मनोऱ्यावर चढवून नळांनी शहरात वाटण्याची व्यवस्था पंधराव्या शतकात सुरू झाली. तेथील पहिला मनोरा १४१६ मधील होय. या नगराच्या जलव्यवस्थेचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादीत समावेश करण्यात आला.

वाफ-एंजिन व बिडाचे नळ यांमुळे एकोणिसाव्या शतकात ही पद्धत सर्वत्र पसरली. बिडाचे नळ मोठा दाब सोसू शकत असल्याने दाब मोडण्याची निकड संपली; परंतु एंजिनाच्या प्रत्येक आघातासरशी नळात बसणारा धक्का ही नवीच अडचण उत्पन्न झाली. तिच्यावर उपाय म्हणून पंपालगत एक उंच, उभा, माथ्यावर मोकळा नळ ठेवीत. त्यातील पाणी आघाताबरोबर वर-खाली होऊन धक्का शोषून घेई. थंडीवाऱ्यापासून रक्षणासाठी या नळाभोवती मनोरा बांधीत. लंडनमधील क्यू ब्रिज येथील सु. ६१ मी. उंचीचा विटांचा मनोरा (१८६७) आणि अमेरिकेतील लुइव्हिल येथील मनोरा (१८६०) हे या प्रकारचे आहेत. लुइव्हिलचा मनोरा १८९० च्या चक्रीवादळात पडला व तो पुन्हा उभारण्यात आला.

शिकागोचा चुनखडकाचा मनोरा (१८६९) याच जातीचा आहे. सु. ४७ मी. उंचीच्या या वास्तूच्या पोटात सु. ४२ मी. उंच व ०.९ मी. व्यासाचा नळ होता. ऑक्टोबर १८७१ मध्ये लागलेल्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला, तरी हा मनोरा उभा राहिला व पुढे नगराच्या पुनरुत्थानाचे प्रतीक ठरला. परंतु शेजारच्या पंपगृहाचे छप्पर जळून पंप बंद पडताच शहराचे पाणी तुटले आणि अग्निशामकांच्या हाती काही उरले नाही. मनोऱ्यात धक्का शोषण्याचा नळ होता, पाण्याचा साठा नव्हता. मनोरा हा केवळ उंच असून भागत नाही, त्यात पुरेसे पाणीही असावे लागते, ही गोष्ट या प्रसंगावरून स्पष्ट झाली.

याच काळात मोठ्या साठ्याच्या उंच टाक्याही उभारल्या जात होत्या. लंडननजीक सिडनम येथे हलविलेल्या स्फटिकप्रासादाच्या कारंज्यांसाठी इझंबार्ड किंग्डम ब्रूनेल या अभियंत्याने १८५५–५६ च्या सुमारास सु. ८६ मी. उंचीचे दोन मनोरे बांधले. प्रत्येकाच्या माथ्यावर सु. १,२०० टन पाणी राही. १९३६ च्या आगीतून ते बचावले. पण दुसऱ्या महायुद्धकाळात, १९४१ मध्ये, ते पाडण्यात आले. रेल्वेच्या प्रसाराबरोबर वाफेच्या एंजिनात थोड्या वेळात पुष्कळ पाणी भरण्यासाठी स्थानकोस्थानी उंच टाक्या आल्या. भारतातील अनेक लहान गावांनी उंच टाकी प्रथम पाहिली ती रेल्वेस्थानकातच.

रचनेतील प्रगती : सपाट तळाच्या टाकीत पाण्याच्या भाराने तळ वाकतो व तो जाड करावा लागतो, तळ घुमटाकार केल्यास तो आधाराच्या कड्याला बाहेर रेटतो. आखेन येथील प्राध्यापक ओटो इंट्झ (१८४३–१९०४) यांनी यावर युक्ती शोधून काढली व १८८३ मध्ये तिचे एकस्व घेतले. त्यांनी तळाचा मधला भाग वर फुगीर घुमटासारखा आणि बाहेरचा भाग उलट्या छिन्न-शंकूसारखा केला. घुमटाचा रेटा बाहेरच्या दिशेने, तर शंकूचा आतल्या दिशेने लागतो. दोन्ही रेटे समान होतील अशी मापे योजल्यास आधारावर केवळ उभा भार येतो. या युक्तीमुळे मोठी टाकी लहान व्यासाच्या आधारावर ठेवता येऊ लागली. प्रबलित काँक्रीटमध्ये उतरविलेली इंट्झ टाकी भारतात विशेष प्रचारात आली. मध्यम व मोठ्या गावांत दिसणारी, खाली निमुळती होत गेलेली गोल टाकी बहुधा याच प्रकारची असते.

रशियन अभियंते व्ह्लादीमिर शूखॉव्ह यांनी १८९६ मध्ये निझ्नी नॉव्हगोरॉड येथील प्रदर्शनात सरळ पोलादी सळ्या तिरप्या रचून, मधे निमुळता होत जाणारा जाळीदार मनोरा उभारला. थोड्या पोलादात मोठे बळ साधणारी ही रचना पुढे अनेक ठिकाणी अनुसरली गेली. विसाव्या शतकात प्रबलित व पूर्वप्रतिबलित काँक्रीटमुळे मनोऱ्यांना नवे आकार आले. स्वीडनमधील अरेब्रू येथील छत्रीच्या आकाराचा मनोरा (१९५८) आणि १९७९ मध्ये खुले झालेले कुवेतचे मनोरे ही प्रसिद्ध उदाहरणे होत. कुवेतच्या समूहातील सर्वांत उंच मनोरा १८७ मी. आहे. १९८० मध्ये या जलमनोऱ्यांना आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

भारतातील विकास : जेथे नैसर्गिक टेकडी उपलब्ध असते, तेथे मनोऱ्याची गरज उरत नाही. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मिळू लागल्यानंतर मलबार टेकडी व भंडारवाडा येथील उंच जागी जलाशय बांधण्यात आले. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान हे अशा जलाशयाच्या छतावरच आहे. टेकडीने येथे मनोऱ्याचे काम केले.

कलकत्त्याची (कोलकाता) भूमी सपाट असल्याने तेथे हे शक्य नव्हते. हुगळीकाठच्या पलता येथे शुद्ध केलेले पाणी साठविण्यासाठी शहराच्या उत्तरेस टाला येथे १९०९ ते १९११ या काळात पोलादी टाकी उभारण्यात आली. पोलादी स्तंभांवर सु. ३३.५ मी. उंचीवर असलेल्या या टाकीची प्रत्येक बाजू सु. ९८ मी. असून तिची क्षमता ९० लक्ष गॅलन, म्हणजे सु. ४.१ कोटी लि. आहे. ती जगातील सर्वांत मोठ्या उंच टाक्यांपैकी एक समजली जाते. तिचे चार स्वतंत्र कप्पे पाडलेले असल्यामुळे एक कप्पा रिकामा करून दुरुस्त करीत असतानाही पुरवठा चालू ठेवता येतो. १९३४ चा बिहारचा भूकंप आणि दुसऱ्या महायुद्धातील जपानी बाँबहल्ले यांतून ती टिकून राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात नळ-पाणीपुरवठा योजनांबरोबर काँक्रीटचे मनोरे लहान गावांपर्यंत पोहोचले. महाराष्ट्रात या कामासाठी १९७६ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ स्थापन झाले. १९९७ मध्ये त्याचे नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण असे करण्यात आले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक घरी दरडोई दररोज ५५ लि. पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवल्यामुळे अशा टाक्यांची संख्या आणखी वाढली. मनोरा हा गावकऱ्यांच्या नित्य परिचयाचा झाला. १९७५ च्या ‘शोले’ या हिंदी चित्रपटातील नायक टाकीवर चढून गावाला आपले म्हणणे ऐकवितो. त्यावरून टाकीवर चढून केलेल्या आंदोलनास मराठी वृत्तपत्रांत ‘शोले स्टाइल आंदोलन’ म्हणण्याचा प्रघात पडला. सर्वांना दिसणारी व शासनाच्या जबाबदारीची ही वास्तू गाऱ्हाणे मांडण्याची जागाही झाली.

सुरक्षितता व स्वच्छता : भरलेल्या मनोऱ्याचे जवळजवळ सर्व वजन माथ्यावर असते. त्यामुळे भूकंपात त्याच्या आधारावर मोठा ताण येतो. १९६० च्या चिलीतील भूकंपात पडलेल्या मनोऱ्यांच्या पार्श्वभूमीवर अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज हाउसनर यांनी १९६३ मध्ये असे दाखविले की, टाकीतील पाण्याचा खालचा भाग टाकीबरोबर एकसंध हलतो, तर वरचा भाग स्वतंत्रपणे हिंदकळतो. म्हणून या दोहोंचा विचार वेगळा करावा लागतो. २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या कच्छच्या भूकंपात पोकळ काँक्रीट-दंडगोलावर आधारलेल्या अनेक टाक्यांच्या तळाजवळ आडव्या भेगा पडल्या व काही कोसळल्या. एका पातळ भिंतीवर सर्व भार असल्याने ती भेगाळल्यावर भार पेलण्यास दुसरा मार्ग राहत नाही, हे त्यावरून दिसून आले. भूकंपानंतर आगी विझविणे व रोगराई टाळणे यांसाठी पाणी अत्यावश्यक असते. म्हणून सामान्य इमारतींपेक्षा जलमनोऱ्याचा अभिकल्प अधिक कडक कसोट्यांवर करतात.

टाकी उंच असल्याने तिच्यातील पाणी सुरक्षित असते, ही समजूत बरोबर नाही. झाकण, जाळी व वायुवीजनाचा मार्ग नादुरुस्त असल्यास पक्षी आत शिरतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील गिडिअन या सु. १,१०० वस्तीच्या गावात साल्मोनेला जंतूंची साथ पसरून सात जण दगावले. पक्ष्यांमुळे दूषित झालेल्या टाकीशी या साथीचा संबंध जोडण्यात आला. ठराविक काळाने टाकी रिकामी करून धुणे, तळाचा गाळ काढणे आणि टोकाच्या नळातील पाण्यात अवशिष्ट क्लोरीन तपासणे ही म्हणून मनोऱ्याच्या देखभालीची आवश्यक अंगे होत.

खंडित पुरवठा व मनोरा : वर वर्णिलेले समतोलाचे कार्य नळ सतत भरलेले असतील, तेव्हाच घडते. भारतातील बहुतेक नगरांत पाणी दिवसातून काही तास, आणि टंचाईच्या काळात काही दिवसांआड, सोडण्यात येते. नगराचे विभाग पाडून एकेका विभागाची झडप ठरल्या वेळी उघडतात. हे काम करणाऱ्यास ‘चावीवाला’ म्हणतात. झडप उघडताच त्या विभागातील सर्व नळ एकाच वेळी चालू होतात व मागणी सरासरीच्या कितीतरी पट वाढते. मनोरा थोड्या वेळात रिता होतो. टाकीजवळच्या व सखल भागातील घरांना भरपूर पाणी मिळते, तर उंचावरील व टोकाच्या घरांना ते बारीक धारेने मिळते किंवा मुळीच मिळत नाही. मनोऱ्याची उंची ठरविताना सर्वांत दूरच्या घराचा जो हिशेब केलेला असतो, तो येथे विफल होतो.

या उणिवेवर नागरिकांनी आपापल्या परीने उपाय केले. घराच्या अंगणात हौद, त्यावर विजेची मोटर आणि गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी ही व्यवस्था सर्वत्र रूढ झाली. वस्तुतः गच्चीवरील प्रत्येक टाकी हा एक लहानसा जलमनोराच होय. गावासाठी एकत्रित करावयाचे काम घरोघरी वेगवेगळे होऊ लागले. ज्यांना हौद, मोटर व गच्ची आहे, त्यांना त्यामुळे दिवसभर पाणी मिळते. ज्यांना ती नाहीत, त्यांना पाण्याच्या वेळेसाठी घरी थांबावे लागते, मग ती वेळ पहाटेची असो वा कामाची. कोणी मोटर थेट सार्वजनिक नळाला जोडल्यास शेजाऱ्याच्या वाट्याचा दाबही ओढला जातो. शिवाय नळ रिकामे असताना त्यांतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो आणि गळक्या सांध्यांतून भोवतालचे सांडपाणी आत शिरते. कावीळ, विषमज्वर, अतिसार यांसारख्या जलजन्य रोगांच्या प्रसारास हे एक महत्त्वाचे कारण असते. पाणी मनोऱ्यातून निघताना शुद्ध असूनही घरी पोहोचेपर्यंत ते दूषित होऊ शकते.

ही अवस्था अटळ नाही, असे काही उदाहरणांवरून दिसते. कर्नाटकातील हुबळी-धारवाड, बेळगाव व गुलबर्गा (कलबुर्गी) येथील निवडक विभागांत २००८ मध्ये अखंड पुरवठा सुरू झाला. महाराष्ट्रात कराडजवळील मलकापूर येथे त्याच दशकाच्या अखेरीस प्रत्येक जोडणीस मीटर व वापराबरोबर वाढत जाणारे दर यांच्या आधारे चोवीस तास पाणी देण्यात येऊ लागले. ओडिशातील पुरी येथे जुलै २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य स्थितीत अखंड पुरविण्याची योजना कार्यान्वित झाली. नळ अखंड भरलेले राहिल्यास पाणी साठवून ठेवण्याची व शिळे म्हणून ओतून देण्याची सवय कमी होते, गळती शोधणे सोपे जाते आणि मनोरा आपल्या मूळ कार्यास पुन्हा पात्र होतो.

वेग बदलू शकणाऱ्या विद्युत् पंपांमुळे मनोऱ्याविनाही दाब राखणे आता शक्य झाले आहे. यूरोपातील अनेक जुने मनोरे त्यामुळे वापरातून बाद झाले असून काहींचे रूपांतर निवासस्थानांत वा संग्रहालयांत करण्यात आले आहे. बर्न्ट व हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने अशा मनोऱ्यांची अनेक छायाचित्रे घेऊन त्यांची एक दृश्य-नोंदच सिद्ध केली. जेथे वीजपुरवठा अनिश्चित असतो, तेथे मात्र मनोऱ्यास पर्याय नाही. सौर पंपाच्या वापरामुळे त्यास नवे महत्त्वही आले आहे. ऊन असताना पंपाने चढविलेले पाणी रात्रीपर्यंत टिकते व विद्युत् घटमालेची गरज भासत नाही. अशा योजनेचे यश टाकीच्या क्षमतेवरून अजमावणे अपुरे ठरते. गावाच्या टोकाच्या नळावर, गर्दीच्या वेळी, किती दाब शिल्लक राहतो, हेच त्याचे खरे माप होय.